ट्यूब निघेपर्यंत थांबू नका, त्यांना आत्ताच विचारायला लागा

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून:

"माझे मिस्टर ५१ वर्षांचे. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि चार दिवसांत दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटर लागला. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तोंडातली नळी आता जास्त दिवस ठेवणं बरं नाही, ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची ट्यूब बसवावी लागेल. मी सही केली. एकूण पाच आठवडे आयसीयू. आता घरी येऊन तीन आठवडे झाले, व्हेंटिलेटर सुटलाय, गिळण्याची तपासणी होऊन मऊ खाणं तोंडाने सुरू आहे, पण गळ्यातली ट्यूब तशीच आहे आणि आवाज नाही. पाटीवर लिहून विचारतात, 'मला न विचारता गळा का कापू दिलास?' रात्री दचकून उठतात आणि लिहितात की तिथली माणसं मला बांधून ठेवून मारायला बघत होती. मी समजावते की असं काही झालं नाही, तर आणखी चिडतात. कुणाला भेटत नाहीत. दीर म्हणतात ट्यूब ताबडतोब काढायला लावा, नाहीतर सवय लागेल. बँकेचं, मुलाच्या अ‍ॅडमिशनचं सगळं मी त्यांना न सांगता उरकते, एक तर त्यांना ताण नको आणि आवाज नाही तर विचारणार कसं. ट्यूब निघाली की सगळं पूर्ववत होईल म्हणून दिवस ढकलतेय. माझी सही चुकली का? त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का? आणि ट्यूब काढायची घाई करू का?"

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मी अडकले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी, की सगळं त्यांना न सांगता उरकते कारण आवाज नाही तर विचारणार कसं. आणि पाटीवर त्यांनी काय लिहिलंय? 'मला न विचारता'. ते गळ्याबद्दल लिहितायत हे खरंच, पण मला वाटतं ते आत्ताबद्दलही लिहितायत. आयसीयूत पाच आठवडे त्यांना कुणी विचारलं नाही कारण विचारण्यासारखी अवस्थाच नव्हती, ते समजू शकतं, पण आता माणूस शुद्धीवर आहे, पाटीवर पूर्ण वाक्यं लिहितोय, आणि तरी घरातले निर्णय त्याला वगळूनच होतायत. तुमचा हेतू काळजीचा आहे याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, ट्यूब कधी निघणार ते डॉक्टर ठरवतील, मात्र त्यांचं बोलणं आणि घरातला त्यांचा शब्द हे दोन्ही ट्यूब निघायच्या आधी परत आणता येतं, आणि बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. (मी समुपदेशक आहे, आयसीयूतून घरी गेलेल्या पेशंटसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करते, त्यामुळे खाली वैद्यकीय असं जे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं.)

आधी सहीचं बोलू कारण ती तुमच्या मनातून जात नाहीये. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, ती सहन व्हावी म्हणून बहुतेक वेळा गुंगीचं औषध चालू ठेवावं लागतं, आणि जितके जास्त दिवस ती राहील तितकी घशाला आणि स्वरयंत्राला इजा व्हायची भीती वाढते. ट्रेकिओस्टॉमीत स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या वरच्या कड्यांच्या मधे छेद घेऊन छोटी ट्यूब बसवतात, म्हणजे स्वरतंतू मोकळे होतात, गुंगी कमी करता येते, माणसाला उठवून बसवता येतं, तोंड साफ ठेवता येतं, व्हेंटिलेटर हळूहळू सोडवणं सोपं जातं. लोकांना वाटतं गळ्याला छेद पडला म्हणजे आता शेवटचा उपाय चाललाय, पण बऱ्याचदा ती बाहेर पडायची तयारी असते. आयसीयू ही कल्पनाच मुळात यातून आली, हे फार कमी जणांना माहीत असतं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती, श्वासाचे स्नायू निकामी झालेली बहुतेक मुलं दगावत होती, तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात अशीच ट्यूब बसवायला लावून हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली आणि ती वाचली. मग शेकडो मेडिकल स्टुडंट्स पाळ्या लावून, रात्रंदिवस, पेशंटच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. त्यानंतर वर्षभराने इब्सेनने तिथे जे युनिट उभं केलं ते जगातलं पहिलं आयसीयू मानलं जातं.

आणि 'बाराव्या दिवशी' हे लवकर होतं की उशिरा, असं तुमच्या मनात येत असेल तर ब्रिटनमध्ये नऊशेहून जास्त पेशंटवर झालेला ट्रॅकमॅन नावाचा अभ्यास आहे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या चार दिवसांत ट्यूब बसवणं आणि दहा दिवस उलटून गेल्यावर गरज असेल तर बसवणं अशी तुलना केली, तर जगण्या-वाचण्यात फरक पडला नाही. उलट ज्यांच्यासाठी थांबले त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ती लागलीच नाही. म्हणजे थांबून, खरंच गरज आहे असं दिसल्यावर करणं हा शहाणा मार्ग होता आणि तुमच्याकडे सही मागितली ती त्या टप्प्यावर. तुमची सही चुकली असं मला तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही.

पण ताई, इथे एक अवघड गोष्ट आहे. तुमचा निर्णय योग्य होता म्हणजे त्यांचा राग चुकीचा, असं होत नाही. ते झोपेत होते, जागे झाले तेव्हा गळ्यात ट्यूब, अंगात ताकद नाही, आवाज नाही, आणि मधले पाच आठवडे कुठे गेले कळत नाही. यावर कुणीही चिडेल. तुम्ही त्यांना 'तुमचा जीव वाचवला' हे उत्तर देत असाल तेव्हा ते वाक्य खरं असतं पण त्यात ते प्रश्न विचारायचा हक्कच गमावून बसतात, जीव वाचवणाऱ्याशी भांडणार तरी कसं. त्यापेक्षा एकदा शांतपणे बसा आणि त्या दिवशी काय घडलं ते सगळं सांगा. डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही काय विचारलंत, बरोबर कोण होतं, हात कसा थरथरत होता, कशाची भीती वाटली. आणि शेवटी विचारा, 'तुम्ही शुद्धीवर असता तर काय म्हणाला असतात?' कदाचित ते म्हणतील, मीही हो म्हटलं असतं. कदाचित म्हणतील, नाही. 'नाही' म्हणाले तर वाद घालू नका, ऐकून घ्या, ते सहीला नावं ठेवत नाहीयेत, पुढच्या वेळेबद्दल सांगतायत. पुन्हा कधी अशी वेळ आली तर व्हेंटिलेटर हवा का, किती दिवस, कोणत्या परिस्थितीत थांबायचं, हे ज्याचं त्याने सांगून ठेवलं तर घरच्यांच्या डोक्यावरचं ओझं किती कमी होतं हे तुमच्याइतकं कुणाला कळणार. ते बोलणं आजच व्हायला पाहिजे असं नाही, पण दार उघडं ठेवा.

आता आवाजाचं. आवाज 'नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण ट्यूबमुळे स्वरतंतू बिघडलेच आहेत असं नाही. आवाज निघतो तो फुप्फुसातली हवा वर येऊन स्वरतंतूंमधून गेली की, आणि ट्यूब त्यांच्या खाली बसलेली असल्याने हवा गळ्यातूनच बाहेर पडते, वरपर्यंत पोचतच नाही. ट्यूबला कफ असेल, म्हणजे ट्यूबच्या भोवती, श्वासनलिकेच्या आत असणारा छोटा फुगा, आणि तो फुगवलेला असेल तर वरचा रस्ता पूर्णच बंद. म्हणून तुम्ही पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हा, की आमच्या ट्यूबला कफ आहे का, असेल तर तो फुगवलेला आहे की सोडलेला, आणि स्पीकिंग व्हॉल्व्ह वापरता येईल का. हा व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूबच्या तोंडावर बसवायचं छोटंसं टोपण, श्वास आत घेताना उघडतं आणि सोडताना बंद होतं, मग हवेला वर स्वरतंतूंकडे जाण्याशिवाय पर्याय राहत नाही आणि माणूस बोलतो. हे टोपण १९८०च्या दशकात ज्याने घडवलं तो डेव्हिड मुईर नावाचा अमेरिकन तरुण स्वतः व्हेंटिलेटरवर होता, त्याला बोलायचं होतं, म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की ही वस्तू पेशंटच्या हट्टातून आलीय.

मात्र एक गोष्ट कधीही विसरायची नाही, कफ फुगवलेला असताना हा व्हॉल्व्ह लावला तर आत घेतलेला श्वास बाहेर पडायला जागाच राहत नाही, जिवावर बेततं. त्यामुळे पहिल्यांदा डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टसमोरच, ऑक्सिजन बघत, आणि झोपताना काढून ठेवायचा. सुरुवातीला काही मिनिटंच सहन होतो, खोकला येतो, गुदमरल्यासारखं वाटतं, मग हळूहळू वेळ वाढतो. आवाज घोगरा, दमलेला येईल. पहिल्या दिवशी रडले तर घाबरू नका, खूप जण रडतात.

व्हॉल्व्ह लगेच शक्य नसेल तरी फक्त पाटीवर राहू नका, कारण हातात ताकद नसताना प्रत्येक वाक्य लिहायचं म्हणजे माणूस थकतो आणि मग लिहितच नाही, आणि घरच्यांना वाटतं त्यांना काही म्हणायचंच नाहीये. फोनवर टाइप केलेलं वाचून दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, मराठीतही चालतात. हात थकले असतील तर अक्षरांचा तक्ता करा पण तो वर्गांप्रमाणे ओळीत मांडा, क-वर्ग एका ओळीत, च-वर्ग दुसऱ्या, स्वर वेगळे. तुम्ही ओळीवर बोट ठेवत जायचं, ते डोळ्यांनी 'हो' म्हणाले की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून दाखवायची, काना-मात्रा सोडून दिल्या तरी शब्द कळतो. ही रीत दोन दिवसांत जमते. प्रश्न विचारताना एकावेळी एकच विचारा, 'पाणी हवंय का की उशी सरकवू की पंखा' असं तीन एकत्र विचारलं तर मान हलवून उत्तर कशाचं द्यायचं? आणि उत्तराला वेळ द्या, त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, हे फार अवघड जातं पण करा. त्यांच्या हाताशी घंटा ठेवा, बटण दाबायची असेल तर उत्तम. शिट्टी देऊ नका, गळ्यातून हवा जात असताना ती वाजत नाही.

आणि मग विचारायला लागा. मोठ्या गोष्टींपासून नको, आधी लहान. अंघोळ आत्ता की थोड्या वेळाने, खिडकी उघडू की नको, आज कोण आलेलं चालेल. मग बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवा, मुलाचे दोन कॉलेजचे पर्याय ठेवा. ताण नको म्हणून लपवलेल्या गोष्टीचा ताण येत नाही असं तुम्हाला वाटतं, पण बिछान्यावर पडलेल्या माणसाला घरात काहीतरी चाललंय आणि आपल्याला सांगत नाहीयेत हे बरोबर कळतं, आणि मग तो मनाशी जे रचतो ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

यावरूनच रात्रीच्या गोष्टीकडे येते. 'बांधून ठेवून मारायला बघत होती' हे वाचून तुम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. आयसीयूत याला डेलिरियम म्हणतात, व्हेंटिलेटरवरच्या बहुसंख्य पेशंटना कमी-जास्त होतो, औषधं, इन्फेक्शन, ऑक्सिजनची कमतरता, झोपेचा अभाव, दिवस-रात्र न कळणं, सगळं मिळून मेंदू गोंधळतो आणि समोरच्या खऱ्या गोष्टींना खोटा अर्थ लावतो. नीट बघा, हात खरंच बांधलेले असतील, नळ्या ओढू नयेत म्हणून बांधतात. सक्शन करताना, म्हणजे बारीक नळीने आतला कफ ओढून काढताना, खरंच गुदमरतं. अनोळखी माणसं खरंच अंगावर वाकून काहीतरी टोचत होती. त्यांनी जे अनुभवलं ते घडलेलं होतं, चुकला तो त्यांनी त्यामागे लावलेला हेतू. म्हणून 'असं काही झालंच नाही' म्हटलं की ते चिडतात, कारण त्यांच्या अंगाला ते आठवतंय. त्याऐवजी म्हणा, 'तुम्हाला गुदमरलं ना, खूप भीती वाटली असणार. ते सक्शन होतं, घरी मी करते तेच, कफ काढायला.' हो ला हो करायचं नाही, म्हणजे 'हो ती माणसं वाईटच होती' असंही नाही, आणि खोडूनही काढायचं नाही.

एक काम सुचवते. त्या पाच आठवड्यांची डायरी लिहा, तुमच्याकडे मेसेज असतील, फोटो असतील, नातेवाइकांना पाठवलेले अपडेट असतील, त्यावरून दिवसवार, साध्या भाषेत, आज ताप होता, आज अमुक आला होता, आज पहिल्यांदा डोळे उघडलेत. काही देशांत आयसीयूतल्या नर्सच अशी डायरी ठेवतात. अभ्यासांचे निकाल सगळे एकसारखे नाहीत, २०१० च्या एका युरोपीय अभ्यासात अशा डायरीने आघाताचा मानसिक त्रास कमी झाला, नंतरच्या फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही, तरी मी सुचवते, कारण तुमच्या मिस्टरांना आयुष्यातला एक तुकडा सापडत नाहीये आणि तो तुमच्याकडे आहे. लिहून ठेवा, वाचायची सक्ती करू नका, मागतील तेव्हा द्या. शक्य झालं तर बरं वाटल्यावर एकदा ते आयसीयू बघून यायलाही काहींना मदत होते, काहींना अजिबात नको असतं, तेही त्यांनाच विचारा. स्वप्नं कमी होत नसतील, दिवसाही तीच दृश्यं समोर येत असतील, जगण्यात अर्थ नाही असं लिहू लागले तर मात्र थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, त्यावर उपचार आहेत.

'पूर्ववत' या आशेबद्दल मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. ट्यूब निघणं हा एक टप्पा आहे, आणि आनंदाचा आहे, पण आयसीयूतून आल्यावर जे राहतं ते फक्त गळ्यात नसतं. डॉक्टर त्याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात, शरीर, बुद्धी आणि मन तिन्हीवर होणारा परिणाम. गंभीर आजारात पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या पुढच्या स्नायूचा जवळपास पाचवा-सहावा हिस्सा झिजलेला मोजला गेलाय, पाच आठवड्यांत काय झालं असेल त्याची कल्पना करा, आणि मग ते खुर्चीतून उठताना तुमचा खांदा धरतात तेव्हा 'थोडं मनावर घ्या ना' असं म्हणावंसं वाटणार नाही. फुप्फुसं गंभीर निकामी होऊन वाचलेल्या लोकांचा कॅनडात वर्षभर पाठपुरावा केला तर वर्षाने साधारण निम्मेच कामावर परतलेले होते. स्मरणशक्ती, एकाग्रता, हिशेब यांचंही तेच, ८२१ पेशंटच्या एका अमेरिकन अभ्यासात तीन महिन्यांनी दहातल्या चार जणांचे बुद्धीच्या चाचण्यांचे गुण मध्यम स्वरूपाच्या डोक्याच्या दुखापतीनंतर असतात तसे होते, आणि वर्षाने सुद्धा तिघांपैकी एकाचे तसेच. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. ते शब्द विसरले, एकच गोष्ट दोनदा विचारली, तर ते वेडे झाले किंवा मुद्दाम करतायत असं वाटू नये म्हणून सांगतेय. बहुतेकांची सुधारणा होते पण महिन्यांच्या हिशेबाने, कधी वर्षापेक्षा जास्त, आणि काही थोडं राहूनही जातं.

त्यांच्या हाताची नखं बघितलीत का तुम्ही? मोठ्या आजारपणात नखाची वाढ काही काळ थांबते आणि नंतर नखांवर आडवी खाच दिसते, सगळ्या बोटांवर साधारण एकाच उंचीवर. ती दर महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकते आणि नखाच्या टोकापर्यंत जाऊन निघून जायला साधारण चार ते सहा महिने लागतात. दिसली तर त्यांनाही दाखवा, शरीर कोणत्या वेगाने चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. केस गळायला लागले तर तेही याच आजाराने, दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि परत येतात, सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर उशीवर पुंजके बघून नवीनच धसका बसतो.

आता दिरांचं म्हणणं. 'सवय लागते' हे त्या अर्थाने खरं नाही, ट्यूब म्हणजे व्यसन नाही. पण त्यांच्या काळजीत एक तथ्य आहे, की घरी आल्यावर ट्यूबचा विषय कुणाच्याच यादीत राहत नाही आणि ती गरजेपेक्षा जास्त दिवस तशीच राहते, आणि जास्त दिवस राहण्याने आत मांस वाढणं, श्वासनलिका अरुंद होणं असले त्रास होऊ शकतात. म्हणून घाई करू नका आणि विसरूही देऊ नका. डॉक्टर बघतात की खोकून कफ स्वतः बाहेर टाकता येतो का, सक्शन किती वेळा लागतं, गिळणं सुरक्षित आहे का, वरचा रस्ता मोकळा आहे का. मग साधारणपणे ट्यूबचा फुगा सोडणं, व्हॉल्व्ह, कधी लहान मापाची ट्यूब, मग ट्यूबचं तोंड टोपणाने पूर्ण बंद करून बघणं, आणि ते सहन झालं की ट्यूब काढतात. छेद बहुतेकांचा काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत आपला आपण बुजतो, तोवर बोलताना-खोकताना ड्रेसिंगवर बोटांनी हलकं दाबून धरायचं. तुम्ही विचारायचं ते 'कधी काढणार?' असं नाही, 'काढण्याच्या वाटेवर आम्ही कुठल्या पायरीवर आहोत आणि पुढच्या पायरीसाठी आम्ही घरी काय करायचं?' असं. किंबहुना तुम्ही नाहीच, हा प्रश्न त्यांनी पाटीवर लिहून न्यायचा, आणि डॉक्टरांना सांगायचं की उत्तर त्यांच्याकडे बघून द्या.

घरची काळजी तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी शिकवली असेलच तरी ज्यांना घाईत शिकवली जाते अशा इतर वाचकांसाठी लिहिते. नाकातून जाणारी हवा ओली आणि गरम होऊन आत जाते, ट्यूबमधून जाणारी कोरडी, म्हणून कफ घट्ट होतो आणि ट्यूब तुंबते, बहुतेक संकटं इथूनच येतात. त्यामुळे ट्यूबच्या तोंडावर बसणारा ओलावा टिकवणारा फिल्टर किंवा नेब्युलायझेशन जे सांगितलं असेल ते चुकवू नका, ट्यूबच्या आत काढता येणारी दुसरी नळी असेल तर ती दिवसातून दोन-तीनदा तरी धुवा. सक्शन गरज असेल तेव्हाच, दहा-पंधरा सेकंदांच्या आत, आणि शिकवली तेवढ्याच खोलीपर्यंत. गळ्याची पट्टी बदलताना दोन माणसं लागतात, एकाने ट्यूब धरायचीच, आणि पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच सैल. उशाशी एका डब्यात त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा जादा ट्यूब, त्या आत घालताना लागणारी दांडी, पट्टी, सिरिंज, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) असं सगळं तयार ठेवा आणि बाहेर जाताना तो डबा बरोबर. टाल्कम पावडर, स्प्रे, धूर यापासून लांब. अंघोळीत पाणी गळ्याकडे जाऊ द्यायचं नाही. वासही नीट येत नाही ट्यूब असताना, म्हणून चव नाही म्हणून तक्रार केली तर ती खरी आहे, आणि गॅस सुटला किंवा काही जळालं तरी त्यांना कळणार नाही हे लक्षात ठेवा. सक्शनची नळी आत जाईना, ओठ निळसर, श्वासाला घरघर किंवा ओढ, ट्यूब बाहेर आली, किंवा ताजं लाल रक्त आलं, थोडंसं आलं तरी, वाट बघत बसायचं नाही, इमर्जन्सीला फोन.

लोकांना न भेटण्याबद्दल, मी त्यांच्या बाजूने आहे. भेटायला येणारे गळ्याकडे बघतात, तुमच्याशी बोलतात, आणि ऐकू येत नसल्यासारखं त्यांच्याशी मोठ्याने बोलतात. काहींना त्यांनी नकार दिला तर देऊ द्या. पण एक-दोन माणसं अशी असतात जी गप्प बसू शकतात, ती कोण ते त्यांना विचारा आणि फक्त त्यांनाच बोलवा. यायच्या आधीच सांगा की हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा आणि उत्तराला थांबा. गळ्याभोवती सैल सुती रुमाल बांधला तर बघणाऱ्यांची नजर जरा कमी होते, फक्त हवा अडता कामा नये.

आणि तुम्ही. तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक ओळ नाही. आयसीयूत असलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांचा फ्रान्समध्ये अभ्यास झाला, २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात तीन महिन्यांनी तिघांतल्या एकाला आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणं होती, आणि निर्णयात ज्यांचा हात होता त्यांच्यात आणखी जास्त. दिवसभर सही आठवणं, फोन वाजला की छाती धडधडणं, सक्शन मशीन बंद असतानाही तिचा आवाज ऐकू येणं, हे तुम्हाला होत असेल तर तो कमकुवतपणा नाही, त्याचाही उपचार घेता येतो आणि घ्यावा. सध्या घरात सक्शन येणारी तुम्ही एकट्याच असाल असं मला वाटतंय, म्हणजे तुम्हाला तापही परवडत नाही. हे आधी बदला. दीर 'काढायला लावा' म्हणतायत ना, त्यांना सांगा की तोवर सक्शन आणि पट्टी बदलणं शिकून घ्या, पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा, नर्सना सांगा की यांच्या हातून दोन-तीनदा करून घ्या. मुलगा खोलीत यायचं टाळत असेल तर त्याला सक्शनला जुंपू नका, फोनवर ते मराठी वाचून दाखवणारं अ‍ॅप टाकायचं काम त्याला द्या, बाबांना शिकवायचंही त्यानेच. आणि दीर शिकले की आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या, तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. कोणत्या दोन रात्री, ते मिस्टरांना विचारून ठरवा.